चवदार तळ्याकडे नेणारे शब्द

फोनवर गुगल उघडा आणि नुसते 'चवदार' लिहून पाहा. आमटी येते, मसालेभात येतो, पाच मिनिटांत होणारी चटणी येते. महाडचे तळे त्या गर्दीत मागे कुठेतरी असते. बरे, 'तळे' जोडून रोमनमध्ये लिहावे, तर टी-ए-एल-ई ही चार अक्षरे इंग्रजी वाचणाऱ्याला 'टेल' म्हणजे गोष्ट वाटतात. गावाचे नाव घालावे, तर तिथे तिसरीच गंमत. खालापूर तालुक्यातले वरदविनायकाचे महड आणि सावित्रीकाठचे महाड, दोन्ही रायगड जिल्ह्यातच, आणि दोहोंचे रोमन स्पेलिंग एकच. देवनागरीत एका कान्याचा फरक होता, तोही रोमनमध्ये गेला. अष्टविनायकाला निघालेला आणि चवदार तळ्याला निघालेला, दोघे एकच शब्द टाइप करतात.

छोट्या, नेमक्या विषयावर लिहिणाऱ्याला आज पहिला सल्ला मिळतो तो 'आधी कीवर्ड शोधा' हा. विषय महाड-पोलादपूरचा इतिहास असो, घाटवाटा असोत, की घरगुती राहण्या-जेवणाची सोय. लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द मजकुरात नसतील, तर मजकूर असून नसल्यासारखा. सल्ला रास्त आहे. पण हे शब्द शोधायचे कसे, याची उत्तरे बहुतेक इंग्रजीतल्या मोठ्या बाजारांवर बेतलेली असतात. त्यांतली कोणती कोकणातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात आणि कोणती घाटातच पंक्चर होतात, याचा हा आढावा. कसोटीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये ज्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला ते चवदार तळे आणि त्याचा परिसर घेतला आहे, कारण शोधशब्दांच्या बहुतेक सगळ्या अडचणी इथे एकत्र नांदतात.

गुगलपेक्षा जुना प्रश्न

वस्तू एक आणि तिला हाक मारायचे शब्द अनेक, ही अडचण ग्रंथपालांना फार आधीपासून ठाऊक आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन जुळे आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. छोट्या विषयाचे सगळे दुखणे या दुसऱ्या नियमात आहे. वाचक असतो, मजकूरही असतो. दोघांची गाठ घालून देणारा शब्द तेवढा नसतो.

१९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधे गणित मांडले: जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो, त्याचे शोधातले वजन जास्त. 'गाव' हा शब्द असंख्य पानांवर आहे, त्यामुळे तो काहीच निवडून देत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या एका गावाचे नाव, 'उमरठ', मोजक्या पानांवर आहे, म्हणून मोलाचे. आजची शोधयंत्रे पुष्कळ पुढे गेली, तरी हे तत्त्व त्यांच्या पोटात अजून आहे. छोट्या विषयाच्या लेखकाचे भांडवल म्हणजे त्याच्याकडची विशेषनामे, ते यामुळेच.

दुसरी बाजू १९८७ मध्ये जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवली. एकाच गोष्टीला दोन माणसांनी आपापल्या मनाने नाव द्यायचे, तर दोघांना तोच शब्द सुचण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे लेखकाला जो शब्द अगदी चपखल वाटतो, तो बहुतेक वाचकांच्या मनात येतच नाही. उपायही त्यांनीच सुचवला: एका गोष्टीला एकच अधिकृत नाव ठेवून बसू नका, जमतील तितकी टोपणनावे तिला जोडून द्या. विकिपीडियावरची पुनर्निर्देशनाची पाने हेच काम करतात.

विशेषनाम नेमके हवे आणि टोपणनावेही भरपूर हवीत, या दोन टोकांमध्ये पुढची सगळी चर्चा फिरते.

आकड्यांची वाट

सर्वांत रुळलेली वाट आकड्यांची. कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते पाहा आणि त्यावर लिहा. गुगलचा कीवर्ड प्लॅनर हे त्याचे मुख्य साधन. ते मुळात जाहिरातदारांसाठी आहे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ते नेमका आकडा सांगत नाही. '१० ते १००', '१०० ते १ हजार' असे पट्टे दाखवते. साबण विकणाऱ्याला एवढे पुरते. उमरठवर लिहिणाऱ्याला अकरा आणि पंचाण्णव यांतला फरक हवा असतो, आणि तो नेमका पट्ट्यात बुडतो.

गुगल ट्रेंड्सची तऱ्हा वेगळी. ते संख्या देतच नाही. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात मांडते, आणि शोध फार थोडे असले की पुरेशी माहिती नाही म्हणून हात वर करते. त्यावरून 'हे कुणी शोधतच नाही' असे ठरवणे म्हणजे कांद्याच्या काट्यावर केशर ठेवून त्याला वजनच नाही म्हणणे. मात्र ट्रेंड्समधून शोधाचा हंगाम कळू शकतो, आणि महाडला हंगाम भरपूर आहेत: सत्याग्रहाचा २० मार्च, आंबेडकर जयंतीचा १४ एप्रिल, रायगडावरच्या शिवराज्याभिषेकाचा ६ जून, जुलैतला सावित्रीचा पूर, महापरिनिर्वाण दिनाचा ६ डिसेंबर, मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबर. तळ्यावरचा मजकूर १९ मार्चच्या रात्री टाकणाऱ्याला शब्द कितीही चांगला मिळाला तरी उशीर झालेलाच असतो.

लहान लेखकाला खरी उपयोगी पडणारी साधने साधीच आहेत. शोधखिडकीत अर्धा शब्द लिहून थांबले की खाली उमटणाऱ्या सूचना. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या वाचनांची उघडी आकडेवारी, जी जुलै २०१५ पासून मिळते. आणि आपला मजकूर कोणत्या शोधांत दिसला हे सांगणारे सर्च कन्सोल. त्यात गेल्या सोळा महिन्यांचा हिशेब असतो. फार विरळ शोध त्यातही खासगीपणासाठी झाकलेले असतात, पण जे दिसतात ते खऱ्या माणसांनी खरोखर लिहिलेले शब्द असतात. अडचण इतकीच, की ते आधी लिहिल्यावर मिळतात. पहिला शब्द कुठून आणायचा, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

लांब शेपूट आणि मनातला हेतू

ऑक्टोबर २००४ मध्ये क्रिस अँडरसन यांनी 'वायर्ड' मासिकात 'लांब शेपटी'ची कल्पना लोकप्रिय केली: मोजक्या लोकप्रिय गोष्टींचे डोके उंच असते, पण कमी खपणाऱ्या असंख्य गोष्टींची शेपूट इतकी लांब असते की तिची बेरीज दुर्लक्ष करण्याजोगी नसते. कीवर्डवाल्यांनी ती लगेच उचलली. दोन शब्दांच्या शोधावर मोठ्यांशी झुंजू नका, पाच-सहा शब्दांचा नेमका शोध पकडा. त्याआधी २००२ मध्ये आंद्रेई ब्रॉडर यांनी शोधांचे तीन हेतू सांगितले होते: ठरावीक ठिकाणी पोचणे, माहिती मिळवणे, काही काम उरकणे.

या दोन कल्पना महाडच्या मातीत चांगल्या रुजतात. नुसते 'रायगड' लिहिणाऱ्याला किल्ला हवा की जिल्हा, हे कळत नाही. हिंदी वळणाने लिहिले तर छत्तीसगडचे रायगढही मध्ये येते. 'रायगड रोपवे वेळ' लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते उघड आहे. 'सावित्री' म्हणजे नदी, वटपौर्णिमा की सावित्रीबाई, सांगता येत नाही. 'सावित्री नदी पाणी पातळी' म्हणताच पावसाळ्यात धास्तावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

सर्वांत बोलका नमुना रेल्वेचा. बाहेरगावचा माणूस 'महाड रेल्वे स्टेशन' असे शोधतो. त्या नावाचे स्टेशनच नाही. कोकण रेल्वेवर महाडला जवळचे स्टेशन वीर. वेळापत्रकात 'वीर' पाहून हा माणूस पान उलटतो, आणि 'वीर' शोधावे तर रणांगणावरचे वीर समोर येतात. काखेत कळसा अन् गावाला वळसा. आपल्या मजकुरात 'महाडला रेल्वेने यायचे तर वीर स्टेशनवर उतरा' एवढे एक वाक्य असले, की हा वळसा वाचतो. चुकीच्या समजुतीतून आलेला प्रश्न हाही अस्सल कीवर्ड असतो. महामार्गाचेही तसेच. क्रमांक बदलून ६६ झाला त्याला वर्षे लोटली, तरी जुने ड्रायव्हर 'सतरा नंबर'च म्हणतात, आणि पुष्कळांच्या लेखी तो नुसता 'गोवा हायवे' आहे.

मराठीचा आपला गुंता

इथवरचे सल्ले इंग्रजीतून आले. पुढचे प्रश्न आपले आपणच सोडवायचे आहेत.

पहिला प्रश्न लिपीचा. मराठी माणूस मराठी प्रश्न अनेकदा रोमनमध्ये टाइप करतो, आणि 'चवदार'मधल्या 'व'साठी कुणी व्ही घेतो, कुणी डब्ल्यू. कुणी 'चौदार' असे उच्चारून ओ-यू लिहितो. इंग्रजी पुस्तकांत तळे कधी 'टँक' होते, कधी 'लेक', हिंदीत 'तालाब'. 'ळ' रोमनमध्ये 'ल' होऊन जातो आणि 'तळे' 'तले' होते.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा. आपले नाम विभक्ती लागली की रूप बदलते. तळे, तळ्यावर, तळ्याचा. 'पोलादपूर' दीर्घ, 'पोलादपुरात' ऱ्हस्व. 'महाड पूर' असे शोधणाऱ्याला 'महाडच्या पुरात' असा मथळा अक्षरशः जुळत नाही. शोधयंत्रे हे नाते आता बरेच ओळखतात, पण त्यांच्यावर सगळा भार टाकू नये. मुख्य नाव मूळ रूपात, विभक्तीविना, मथळ्यात एकदा तरी यावे.

तिसरा प्रश्न एकाच नावाच्या अनेक लेखनांचा. लेणी गांधारपाले, गंधारपाले की नुसती पाले? घाट आंबेनळी की आंबेनाळी? पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. जानेवारी २०२० मध्ये चित्रपट आला आणि त्याच्या नावातला 'तान्हाजी' लोकांच्या बोटांत बसला. समाधीवर लिहिणाऱ्याने 'तानाजी' हेच रूप ठेवावे, पण चित्रपटाचा उल्लेख ओघाने करावा, म्हणजे दोन्ही वाटांनी येणारे पोचतात.

हा प्रश्न नेहमीच गमतीचा नसतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या ज्या गावावर दरड कोसळली, त्याचे नाव बातम्यांत तळिये, तळीये आणि तळई असे तीन तऱ्हांनी आले. मुंबईत बसून आपल्या माणसांची खबर शोधणाऱ्या चाकरमान्याने यांतले कोणते रूप लिहायचे? अशा वेळी टोपणनावे जोडून ठेवणे ही शोधात वर येण्याची (एसईओची) क्लृप्ती राहत नाही, माणुसकीची गोष्ट होते.

चौथा प्रश्न डोळ्यांना न दिसणारा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांच्या सांकेतिक रचनेत टाइप होत असे. पडद्यावर देवनागरी दिसे, पण फॉन्टच्या आड रोमन अक्षरांचा खिचडा असे. असा मजकूर आणि नुसते फोटो काढून ठेवलेली जुनी पाने, दोन्ही शोधाला आंधळी. या विषयांवर आज कुणी युनिकोडमध्ये साधा, स्वच्छ मजकूर लिहिला तरी त्याला फारशी स्पर्धा नसते, त्याचे एक कारण हे.

आणि एक अगदी घरगुती निरीक्षण. मराठीत शोधणारे विद्यार्थी विषयापुढे 'माहिती मराठी', 'निबंध', 'भाषण' असे शेपूट लावतात. कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात हे सापडणार नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारले की लगेच कळते.

काळाने बदललेली नावे

ऐतिहासिक विषयावर लिहिणाऱ्याला शोधशब्द दोनदा लागतात: वाचकाने आपल्याला शोधावे म्हणून आजचे, आणि आपण साधने शोधावीत म्हणून कालचे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता. १८८३ चे गॅझेटियर कुलाबा आणि जंजिरा यांचे आहे. 'रायगड जिल्हा' असे शोधणाऱ्याच्या हाती ते सहजी लागत नाही, आणि नुसते 'कुलाबा' शोधले तर दक्षिण मुंबईतली हॉटेले पुढे येतात. 'कुलाबा' आणि 'महाड' एकत्र लिहावे लागते. आंबेनळी घाटही इंग्रजांच्या कागदांत गव्हर्नरच्या नावाने, फिट्झगेराल्ड घाट म्हणून, दडलेला आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात जी सभा भरली ती 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. तिचा शोध 'दलित' या शब्दाने घेतला तर त्या काळचे कागद हुकतात. तेव्हाचा शब्द 'अस्पृश्य' किंवा 'बहिष्कृत'. सरकारी इंग्रजीत 'डिप्रेस्ड क्लासेस', आणि १९३५ च्या कायद्यानंतर 'शेड्यूल्ड कास्ट्स'. त्याआधीचा धागा धरायचा तर रावबहादूर सी. के. बोले यांचा १९२३ चा कायदेमंडळातला ठराव आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा निर्णय, असे शोधावे लागते. तळ्याच्या वादाचा न्यायालयीन शेवट १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात झाला. तो खटला वकिलांच्या दप्तरात 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या नावाने आहे. त्या नावात महाड नाही, सत्याग्रह नाही, तळेही नाही. ज्याला पक्षकाराचे नाव ठाऊक नाही, त्याला निकाल असूनही सापडत नाही.

शब्दाला बाजू असते

कीवर्डवरच्या बहुतेक लिखाणात शब्द हे निर्जीव चिठ्ठ्यांसारखे वापरले जातात: जो जास्त खपतो तो लावा. चवदार तळ्यापाशी हे चालत नाही. पाठ्यपुस्तकातला शब्द 'महाडचा सत्याग्रह'. चळवळीतला माणूस 'मुक्तिसंग्राम' म्हणतो, गावाला 'क्रांतिभूमी' म्हणतो. खुद्द बाबासाहेबांनी आपल्या 'बहिष्कृत भारत' या पत्रात या लढ्याला 'धर्मसंगर' म्हटले. तो शब्द आज कुणी टाइप करत नसेल, पण अभ्यासकाला तो माहीत असायला हवा. २५ डिसेंबर हा कुणासाठी मनुस्मृती दहन दिन, कुणासाठी स्त्री मुक्ती दिन.

आणि एक शब्द असा की तो वापरताना थांबावे लागते: तळ्याचे 'शुद्धीकरण'. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी ते केले. लोक हा शब्द शोधणारही. लेखकाने तो टाळू नये, पण तो कुणाच्या तोंडचा होता हे सांगितल्याशिवाय मथळ्यात टांगू नये. नुसता खपतो म्हणून शब्द उचलला, तर त्या शब्दाची बाजूही नकळत आपल्या गळ्यात पडते.

खपणारा शब्द पानभर पेरण्याचा काळ तसाही गेला. पानाच्या आत लपवलेली कीवर्डची यादी निकालांचा क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, हे गुगलने २००९ मध्येच सांगून टाकले. ऑक्टोबर २०१९ पासून त्यांच्या शोधात 'बर्ट' हे भाषा समजून घेणारे तंत्र आले, आणि आता तर शोधपानाच्या माथ्यावर तयार उत्तरच मिळू लागले आहे. त्यामुळे कीवर्ड मेला, असे अधूनमधून जाहीर होते. अर्थ ओळखणारे यंत्र 'तळे' आणि 'तलाव' यांचे नाते लावील. पण वीर हे महाडचे स्टेशन आहे आणि तळिये म्हणजेच तळई, हे कुणी तरी आधी लिहून ठेवल्याशिवाय त्याला तरी कुठून कळणार?

वही आणि तळ्याचा काठ

सगळ्या पद्धती पारखून झाल्यावर माझे मत असे: छोट्या विषयाचे पहिले शब्द पडद्यावर सापडत नाहीत, माणसांच्या तोंडी सापडतात. साधने नंतर ते तपासायला घ्यावीत.

मी एकदा वही घेऊन महाडच्या एसटी स्टँडपासून तळ्यापर्यंत असाच गेलो. रिक्षात बसलेल्या स्थानिक बाईंनी 'तळ्यावर सोडा' म्हटले. 'चवदार' नाही, काही नाही. गावात तळे म्हटले की तेच. विदर्भातून आलेल्या एका कुटुंबातल्या आजोबांनी विचारले, "क्रांतिस्तंभ इथून किती लांब हाय जी?" पुण्याकडच्या दोन तरुणांना रायगडावरून उतरल्यावर जेवायला कुठे थांबायचे हे हवे होते, आणि तळे वाटेतच आहे हे त्यांना तिथे आल्यावर कळले. अर्ध्या तासात तीन प्रकारचे वाचक, तीन प्रकारचे शब्द. एकाचाही शब्द मी आधी केलेल्या यादीत नव्हता. माझ्या यादीत सगळ्यांत वर होते 'चवदार तळे ऐतिहासिक महत्त्व'. असे बोलणारा माणूस मला काठावर भेटला नाही.

मग शाळेची सहल आली. शिक्षक १९२७ सांगत होते, मुले कठड्याला रेलून पाण्याकडे पाहत होती. एका मुलाने मध्येच विचारले, "सर, पाणी खरंच चवदार आहे का?" बाकीची हसली. सर क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी सांगितले ते असे, की बाबासाहेब इथे चव बघायला आले नव्हते. पाणी इतर सगळे पितात, मग आम्ही का नाही, आम्हीही माणसेच आहोत, एवढे दाखवायला ते आले होते. मुले पुन्हा पाण्याकडे पाहू लागली.

घरी येऊन मी तो प्रश्न प्लॅनरमध्ये टाकला. काहीच आले नाही. ट्रेंड्सने पुरेशी माहिती नाही म्हटले. २०२७ च्या २० मार्चला त्या घटनेला शंभर वर्षे होतात. तेव्हा पुष्कळ मुले फोनवर 'चवदार' लिहितील, आणि आमटी-चटणीच्या गर्दीतून वाट काढत येतील. माझ्या पुढच्या लेखाचा मथळा मी वहीत लिहून ठेवला आहे, त्या मुलाच्याच शब्दांत: 'चवदार तळ्याचे पाणी खरंच चवदार आहे का?'